कोलेस्ट्रॉल वाढलंय? आधी दळणाचा डबा उघडा

रिपोर्ट हातात आला की आपल्याकडं पहिला प्रश्न ठरलेला, आता काय काय बंद करायचं. तूप बंद, शेंगदाणे बंद, अंडी बंद, मग घरातला माणूस चार दिवस तोंड पाडून वरण-भात खातो आणि पाचव्या दिवशी येताना भज्यांचा पुडा घेऊन येतो. आमच्याकडं दीड वर्षापूर्वी अगदी असंच झालं. ह्यांचं वय ४७, एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्ट्रॉल, आलं १६८. डॉक्टर म्हणाले शुगर नाही, बीपी नाही, तंबाखू-सिगरेट नाही, तर तीन महिने जेवण सुधारा, रोज चाला, मग परत तपासू आणि उतरलं नाही तर गोळी चालू करू. आता जेवण सुधारा म्हणजे नेमकं काय करा हे सांगायला तिथं कुणाला वेळ नव्हता, बाहेर वीस पेशंट बसलेले. ते मी वाचून, विचारून आणि घरात करून बघून शिकले, आणि तेच इथं सविस्तर लिहायले, कारण आजकाल दर दोन घरं सोडून कुणीतरी हाच रिपोर्ट घेऊन बसलेलं असतंय.

माझं म्हणणं एवढंच आहे की बंद काय करायचं ते नंतर बघा, आधी बघा की दिवसभरात सगळ्यात जास्त पोटात जातंय काय. आपल्या परभणी, नांदेड, लातूर, बीडकडं ते एक तर भाकरी असते, नाहीतर पोळी, नाहीतर भात. चमचाभर तुपावर घरात भांडणं होतात पण रोजचं पाव किलो पीठ कोणतं आहे, कसं दळलंय, चाळून त्यातलं काय टाकून दिलंय हे कुणी विचारत नाही. तिथून सुरुवात करायची.

आधी रिपोर्ट नीट वाचा

टोटल कोलेस्ट्रॉल २०० च्या आत असावं, एलडीएल १०० च्या आत असेल तर उत्तम, १३० ते १५९ म्हणजे काठावर, १६० च्या वर जास्त, आणि १९० किंवा त्याहून वर असेल तर तो विषय नुसत्या भाकरीचा नाही. तेवढं एलडीएल बऱ्याचदा अनुवंशिक असतं, घरात कुणाला कमी वयात हार्ट अटॅक आलेला असतो, तिथं गोळी लागतेच. एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्ट्रॉल, पुरुषांना ४० च्या वर आणि बायकांना ५० च्या वर पाहिजे, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, १५० च्या आत. आणि एक गोष्ट बरेच जण विसरतात, थायरॉइड कमी काम करत असेल तरी एलडीएल वाढतं, म्हणून डॉक्टरांना विचारून टीएसएचची तपासणी एकदा करून घ्या, विशेषतः बायकांनी.

ज्यांची स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्ट्रॉल उतरवायची गोळी चालू आहे, ज्यांना अटॅक येऊन गेलाय, स्टेंट टाकलाय, डायबेटीस आहे, त्यांनी हे सगळं करायचं पण गोळी बंद करायची नाही. गोळीनं एलडीएल ३० ते ५० टक्के उतरतं, धान्यानं तेवढं कधीच उतरत नाही. हे मी हात जोडून सांगते कारण आमच्याच नात्यात एका काकांनी कुणाचं तरी ऐकून गोळी सोडली आणि नुसतं जवाचं पाणी प्यायले, सहा महिन्यांनी आकडे होते तिथंच परत. धान्य हे गोळीच्या जागी नाही, गोळीच्या जोडीला आहे. ज्यांना अजून गोळी लागलेली नाही त्यांना मात्र ती लांबवायची चांगली संधी आहे.

धान्यानं कोलेस्ट्रॉल उतरतं तरी कसं

लिव्हर कोलेस्ट्रॉल वापरून पित्त तयार करतं. ते पित्त आतड्यात येतं, जेवणातली चरबी पचवायला मदत करतं आणि काम झालं की त्यातलं बहुतेक सगळं परत शोषलं जाऊन लिव्हरकडं जातं, म्हणजे तोच माल परत परत वापरला जातो. आता पोटात विरघळणारा फायबर, म्हणजे अन्नातला न पचणारा तंतुमय भाग, असेल तर तो पाणी धरून बुळबुळीत होतो आणि ते पित्त स्वतःबरोबर अडकवून बाहेर घेऊन जातो. मग लिव्हरला नवीन पित्त करावं लागतं, त्याला कोलेस्ट्रॉल पाहिजे, ते तो रक्तातून ओढून घेतो. झालं, रक्तातलं एलडीएल कमी होतं.

हा बुळबुळीतपणा डोळ्यांनी बघायचा असेल तर मूठभर जव रात्री भिजवा, सकाळी भरपूर पाण्यात शिजवा आणि ते पाणी गार होऊ द्या. चमच्यानं उचललं की तार धरतं, खळीसारखं. तो बीटा ग्लुकन नावाचा फायबर, आणि तो ओट्समध्ये आणि जवात भरपूर असतो. दिवसाला ३ ग्रॅम बीटा ग्लुकन पोटात गेलं तर एलडीएल साधारण ५ ते ७ टक्के कमी होतं, हे इतक्या वेळा तपासलं गेलंय की अमेरिकेच्या अन्न आणि औषध खात्यानं १९९७ मध्ये ओट्सच्या पाकिटावर आणि २००६ मध्ये जवाच्या पाकिटावर हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो असं छापायला परवानगी दिली.

आता खरं सांगायचं तर आपली ज्वारी आणि बाजरी यात हा बीटा ग्लुकन फार कमी. म्हणजे नुसती ज्वारीची भाकरी खाल्ली म्हणून एलडीएल धपकन खाली येईल असं जे फॉरवर्ड फिरतात ते खरं नाही. मग ज्वारी कशाला? तर फायबर बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०१७ चा तक्ता आहे, त्यात १०० ग्रॅम ज्वारीत १० ग्रॅमच्या वर फायबर, बाजरीत साडेअकरा, अख्ख्या गव्हात ११, जवात साडेपंधरा, आणि पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात पावणेतीनच्या आसपास. म्हणजे पांढरा भात, पाव, खारी, टोस्ट काढून तिथं भाकरी आणली की फायबर तिप्पट-चौपट झाला. भाकरीनं पोट लवकर भरतं, जास्त वेळ भरलेलं राहतं, वजन हळूहळू उतरतं, आणि भाकरीला लाटायला-भाजायला तेल लागत नाही ही तर लैच मोठी गोष्ट आहे. म्हणून मी ज्वारीला पाया म्हणते आणि एलडीएल उतरवायचं काम जवाकडं देते. दोघं एकत्र दळा.

आपणच कोंडा टाकून दिला

आमच्या आत्याबाई आता ७८ च्या आहेत. बाहत्तरच्या दुष्काळात रेशनला मिलो मिळायचा, ती परदेशातून आलेली लाल ज्वारी, खडीच्या कामावर सुकडी मिळायची, ते सगळं त्यांनी खाल्लेलं आहे. त्या म्हणतात, आमच्या वेळी कोंडा कुणी टाकत होतं का माय, जात्यातून निघालं तेच पोटात गेलं. पुढं रेशनचा गहू-तांदूळ घरोघरी आला, पोळी म्हणजे सुधारणा आणि भाकरी म्हणजे गरिबी असं डोक्यात बसलं, शेतात खरिपाच्या ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं, आणि आता तर चांगली शाळू ज्वारी गव्हापेक्षा महाग झालीय. पोरींना भाकरी थापता येत नाही म्हणून पण गेली. आणि पोळीसुद्धा कशी, तर मैद्याच्या बारीक चाळणीनं चाळून, मऊ लुसलुशीत, वरून दोन्ही बाजूंनी तेल. दाण्याचं साल म्हणजे कोंडा, आणि आतला कोंब, या दोन्हीतच फायबर आणि चांगल्या गोष्टी असतात, ते काढलं तर उरतो नुसता स्टार्च. अख्खं धान्य म्हणजे दुसरं काही नाही, साल, कोंब आणि गाभा तिन्ही पोटात जाणं.

दळण कसं करायचं

प्रमाण आमच्याकडं असं बसलंय: तीन किलो ज्वारी आणि एक किलो जव. हिशोब सांगते. मध्यम भाकरीला साठ-पासष्ट ग्रॅम पीठ लागतं, दिवसाला चार भाकरी म्हणजे साधारण पाव किलो पीठ, त्यातला चौथा हिस्सा जव म्हणजे साठ ग्रॅमच्या वर. जवात बीटा ग्लुकन चार-पाच टक्के धरलं तर अडीच-तीन ग्रॅमच्या जवळ आपण पोचतो. ज्यांना दोनच भाकरी लागतात त्यांनी संध्याकाळी वाटीभर जवाची खिचडी करावी किंवा सकाळी ओट्स, नाहीतर प्रमाण दोनास एक करावं. सुरुवातीला मात्र पाचास एक करा, घरातल्यांच्या जिभेला कळू देऊ नका.

जव आणायला मोंढ्यात गेलात तर नीट बोला. मी पहिल्यांदा गेले तेव्हा भुसार दुकानदारानं गडबडीत जवस मोजून दिले, घरी येऊन पिशवी उघडली तर चकचकीत तपकिरी चपटे दाणे. जवस वेगळे, त्याची आपण चटणी करतो, ते तेलबी आहे, ते पण चांगलंय आणि त्याचं पुढं सांगते, पण ते दळणात किलोभर घातलं तर पिठाचा गोळा होईल आणि चक्कीवाला दारात उभं करणार नाही. जव म्हणजे गव्हासारखा लांबट दाणा. त्यात पण दोन प्रकार मिळतात, पूजेला आणि घटाला घालायचे जव टरफलासकट असतात, ते दळले तर भाकरीत कुसं लागतात, घशाला टोचतात. खायचे सोललेले जव मागायचे. आणि बियाण्याच्या दुकानातून कधीच आणू नका, पेरायच्या बियाण्याला औषध चोळलेलं असतं.

ज्वारी कोणती? रब्बीची शाळू, मालदांडी मिळाली तर बघायलाच नको, आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी मोती पण भाकरीला छान. याच विद्यापीठाची परभणी शक्ती नावाची जात २०१८ मध्ये आली, तिच्यात लोह आणि जस्त जास्त आहे, घरात रक्त कमी असलेलं कुणी असेल तर ती बघा, कोलेस्ट्रॉलसाठी मात्र कोणती पण चालते, फक्त काळी पडलेली, पावसात भिजलेली नको.

जव निवडून, कढईत मंद गॅसवर थोडे गरम करून घ्या, नुसता कच्चा वास जाईपर्यंत, लाल नाही करायचे. गार झाले की ज्वारीत मिसळा. गिरणीत सांगा की हे ज्वारीवर दळा, गव्हावर नको, आणि फार बारीक नको. फार बारीक पीठ पोटात लवकर पचून साखर लवकर वाढवतं, जरा भरड बरं. एका वेळी आठ-दहा दिवसांचंच दळण करायचं. जुनं झालं की ज्वारीच्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना कडेला चिरा पडतात. बाजरीचं तर त्याहून लवकर, तिच्यात तेल जास्त असतं म्हणून आठवड्यात कडू व्हायला लागते. घरी आणलं की चाळायचं नाही, खडा-किडा बघायचा असेल तर मोठ्या भोकाची चाळणी घ्या आणि वर उरलेला कोंडा परत पिठात टाका.

भाकरी करताना जव घातलेल्या पिठाला पाणी थोडं जास्त लागतं आणि पाणी चांगलं गरम पाहिजे. परातीत दोन मुठी पीठ, मधे आळं, त्यात गरम पाणी, चमच्यानं कालवून झाकून दोन मिनिटं ठेवायचं, मग तळव्यानं रगडून रगडून मळायचं. जवामुळं हाताला जरा चिकट लागेल, घाबरायचं नाही, उलट उंडा फुटत नाही, नवीन शिकणाऱ्या पोरीला तर हे पीठ सोपं पडतं. थापताना खाली पीठ जरा जास्त घ्या. तवा चांगला तापला की टाकायची, वरून पाणी फिरवायचं, पाणी सुकायच्या आत उलटायची, आणि मग जाळावर. पापुद्रा येतो, मी खात्रीनं सांगते. रंग थोडा मळकट दिसतो आणि पहिल्या दिवशी ह्यांनी ताटाकडं बघून विचारलं होतं, मला काय जनावराचं खायला घालायलीस का. आठव्या दिवशी काही विचारलं नाही, आणि आता साधी भाकरी केली तर म्हणतात आज वेगळी लागायली.

सकाळचं खाणं हीच खरी अडचण

दोन वेळची भाकरी झाली तरी सकाळी काय, तर पोहे, चुरमुऱ्यांची सुशीला, उपमा, नाहीतर चहा-खारी. चुरमुरे, पोहे हे पांढऱ्या तांदळाचेच, रवा म्हणजे कोंडा काढलेला गहू, आणि खारी-टोस्ट-क्रीमरोलबद्दल तर बोलायलाच नको, मैदा आणि वनस्पती तूप. वनस्पती तुपात असते त्या ट्रान्स फॅट नावाच्या घातक चरबीवर सरकारनं जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा घातलीय ही चांगली गोष्ट झाली, पण खारी-टोस्टात सॅच्युरेटेड फॅट, म्हणजे साय-तुपासारखी घट्ट होणारी चरबी, भरपूर असतंच, आणि एलडीएल वाढवायला तेच पुरेसं आहे.

त्याऐवजी ज्वारीच्या पिठाची उकडपेंडी करा. चमचाभर तेलात मोहरी, जिरं, कांदा, मिरची, कढीपत्ता, त्यात पीठ घालून खमंग वास सुटेपर्यंत भाजायचं, मग ताकाचा हबका मारत मारत मोकळी करायची, झाकण, दोन वाफा. धपाटे पण चालतील, पण तेल सोडून सोडून तळल्यासारखे नाहीत, ओल्या फडक्यावर थापून तव्यावर अर्धा चमचा तेलात. आठवड्यातून तीन दिवस ओट्स करायचे असतील तर साधे ओट्स आणा, मसालेवाली पाकिटं नको, त्यात मीठच जास्त. पाऊण वाटी कोरडे ओट्स ताकात किंवा मुगाच्या डाळीबरोबर खिचडीसारखे शिजवले तर आपल्या तोंडाला लागतात, दूध-साखर घालून खायची सक्ती कुणी केलेली नाही.

आणि उन्हाळ्यात आंबील. ज्वारीचं पीठ रात्री ताकात भिजवून सकाळी शिजवायचं, लसूण-जिरं-मीठ, गार करून प्यायची. आपल्याकडं लातूर-धाराशिवला येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात जे मांडलं जातं ते एकदा या नजरेनं बघा, आंबील, ज्वारी-बाजरीचे उंडे आणि ओल्या हरभऱ्या-तुरीच्या दाण्यांची, भाज्यांची भज्जी. अख्खं धान्य आणि कडधान्य एकाच पानात. डाळी, मटकी, हरभरा, घेवडा यातही विरघळणारा फायबर असतो, म्हणजे भाकरीबरोबर रोज वाटीभर उसळ गेली तर जवाला हातभार लागतो. हुरड्याच्या दिवसात हुरडा बिनधास्त खा, तो कोवळा दाणा अख्खाच आहे, फक्त बरोबरची शेव बाजूला ठेवा.

मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते अंबाडीची भाजी आणि कण्या. भरडलेली ज्वारी पाखडून, पीठ चाळून जाड कण्या वेगळ्या काढायच्या. अंबाडी धुऊन उकडून पाणी टाकायचं नाहीतर आंबट ढाण होते. मग कण्या, मूठभर तुरीची डाळ आणि थोडे शेंगदाणे कुकरला मऊ शिजवायचे, त्यात अंबाडी घालून रवीनं किंवा पळीनं घोटायचं, मिरचीचा ठेचा, मीठ. आत्याबाईंची पद्धत म्हणजे ताटात खड्डा करून त्यात लसणाची फोडणी ओतायची, पळीभर तेल, लसूण तपकिरी आणि तेल अजून तडतडतंय. ती पळी मी चहाच्या चमच्यावर आणली आणि लसूण दुप्पट केला. वास तोच येतो, सगळं घर त्या वासानं ताटावर येऊन बसतं. यात एक हिस्सा भरडलेले जव घातले तर कुणाला ओळखू येत नाही.

भाकरीबरोबर काय आहे ते बघा

जव-ज्वारीनं जे कमावलं ते तर्रीत घालवायचं नाही. मटणाची तर्री, शेंगदाण्याच्या कुटाची आमटी वर बोटभर तेल, आणि भाकरी त्यात चुरलेली, असं असेल तर फायबर बिचारा काय करणार. एलडीएलवर सगळ्यात जास्त परिणाम सॅच्युरेटेड फॅटचा होतो, म्हणजे साय, लोणी, तूप, मटणाची चरबी, वनस्पती, पामतेल. पामतेलात जवळपास निम्मं सॅच्युरेटेड असतं, आणि हॉटेलातलं, फरसाणातलं, बिस्किटातलं तेल बहुतेक तेच. आपली करडई मात्र या बाबतीत फार चांगली, तिच्यात सॅच्युरेटेड दहा टक्क्यांच्या आतच. महाग पडते मान्य आहे, म्हणून आम्ही तेल बदलण्याबरोबर कमी केलं, चार माणसांना महिन्याला चार किलो लागायचं ते अडीच किलोवर आणलं, पैसे जवळपास तेवढेच. बाटलीवर कोलेस्ट्रॉल फ्री लिहिलंय म्हणून भुलू नका, कोणत्याच झाडाच्या तेलात कोलेस्ट्रॉल नसतं, ते प्राण्यांच्या पदार्थातच असतं.

शेंगदाणे बंद करायची गरज नाही, मूठभर चालतात, त्यातलं फॅट बहुतेक चांगलंच आहे, फक्त कॅलरी जास्त म्हणून मूठ छोटी ठेवा. जवसाची चटणी रोज दोन चमचे घ्या, जवस भाजून, कुटून, लसूण आणि तिखट घालून, अख्खे दाणे गिळले तर तसेच बाहेर पडतात म्हणून कुटलेलेच. तिळाची, कारळाची चटणी पण चालते. मीठ मात्र हलक्या हातानं.

बाजारातल्या पाकिटांचं

मल्टीग्रेन लिहिलंय म्हणजे अख्खं धान्य असतंच असं नाही. पाकीट उलटं करून घटकांची यादी वाचा, जे पहिलं लिहिलंय ते सगळ्यात जास्त. तिथं मैदा असेल आणि शेवटी कुठंतरी ज्वारी २ टक्के, नाचणी २ टक्के असेल तर ते मैद्याचंच बिस्किट आहे. ब्राऊन ब्रेडचा रंग बऱ्याचदा कॅरॅमलचा असतो. २०२३ हे जगभर भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं तेव्हापासून ज्वारीचे चिप्स, बाजरीचे कुकीज असलं सगळं दुकानात आलंय, ते तळलेलं आणि साखरेचंच आहे, त्याला भाकरीचा गुण येत नाही.

पोटाचं आणि गोळ्यांचं सांभाळा

एकदम जास्त फायबर सुरू केला तर पोट फुगतं, गॅस होतो, आणि मग लोक म्हणतात आम्हाला जव सोसत नाही. दोन आठवड्यात हळूहळू वाढवा आणि पाणी वाढवा, फायबर वाढवून पाणी तेवढंच ठेवलं तर उलट बद्धकोष्ठ होतं. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेतात ती घेतल्यावर निदान अर्धा-पाऊण तास काही खायचं नाही, ते नेहमीचंच, फक्त जवाच्या पेजेबरोबर ती गिळू नका. बाकीच्या गोळ्यांचं वेळापत्रक डॉक्टरांना दाखवा. किडनीचा त्रास असलेल्यांनी धान्य-डाळीचं प्रमाण त्यांच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं. आणि ज्यांना ग्लूटेनचा सिलिॲक आजार आहे त्यांना जव अजिबात चालत नाहीत, त्यात गव्हासारखंच ग्लूटेन असतं, त्यांनी नुसती ज्वारी-बाजरी खावी.

डायबेटीसवाल्यांनी एक लक्षात ठेवा, भाकरी चांगली म्हणून पाच खाल्ल्या तर शुगर वाढणारच. दोन भाकरी, दोन वाट्या भाजी, एक वाटी उसळ असं ताट.

परत तपासणी कधी

आठ ते बारा आठवड्यांनी, त्याआधी नाही. त्याच लॅबला जा, आणि पहिल्यांदा उपाशीपोटी रक्त दिलं असेल तर दुसऱ्यांदाही तसंच, रात्रीच्या जेवणानंतर दहा-बारा तासांनी, म्हणजे दोन्ही आकडे एकमेकांशेजारी ठेवता येतात. आदल्या रात्री लग्नाची पंगत असेल तर तपासणी पुढं ढकला, ट्रायग्लिसराइड उगीच वाढून येतं.

आमचं तीन महिन्यांनी एलडीएल १६८ चं १४६ झालं. सगळं श्रेय जवाचं नाही, तेल कमी झालं, संध्याकाळची खारी गेली, हे रोज पाऊण तास चालायला लागले, वजन तीन किलो उतरलं, सगळ्याचं मिळून ते आहे. डॉक्टरांनी बाकीचा धोका बघून गोळी चालू करणं अजून सहा महिने पुढं ढकललं, आणि परत तपासलं तेव्हा १३९ होतं. गोळी पुढं कधी लागली तर घेणारच आहोत, त्यात कमीपणा नाही.

आता गिरणीवाल्याला पण सवय झालीय, डबा ठेवला की न बोलता ज्वारीवर लावतो. आणि शेजारच्या दोन घरचे डबे आमच्या डब्याशेजारी येऊन बसतात, त्यांच्यात पण तीनास एक.